शाळेची उधारी : दादाभाईंनी मानली, फुल्यांनी मागितली, कर्मवीरांनी वसूल केली

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळीची सुट्टी आणि मे महिना म्हणजे आपल्याकडे दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरचा हंगाम. वीस-पंचवीस वर्षांनी मंडळी शाळेत जमतात. फेटे बांधले जातात, ढोल वाजतो, म्हाताऱ्या सरांना खुर्चीत बसवून त्यांच्यावर फुलं उधळली जातात. शाळेला एखादा स्मार्ट टीव्ही नाहीतर पाण्याचं फिल्टर भेट दिलं जातं. मग जेवण, मग फोटो, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस रडारड. मी टिंगल करत नाही, मीसुद्धा जातो आणि मलाही भरून येतं.

पण मागच्या दिवाळीत एक गोष्ट घडली, ती काही डोक्यातून जात नाही. कार्यक्रमात मदतीला शाळेने दहावीच्या चार-पाच मुली थांबवल्या होत्या. जेवणाच्या रांगेत त्यातली एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, दहावीनंतर डिप्लोमाला जायचं का अकरावी सायन्स घ्यायचं? घरी सांगणारं कुणी नाही." त्या मांडवात आमच्याच बॅचचे दोन इंजिनिअर होते, एक तलाठी होता, एक सिस्टर होती, एक जण पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. आणि मी काय म्हणालो? "आधी जेवून घे बाळा, मग बोलू." मग बोलणं झालंच नाही. ती भांडी आवरायला गेली, आम्ही ग्रुप फोटोला गेलो.

त्या दिवशी आम्ही शाळेला टीव्ही दिला, आणि त्या पोरीला दहा मिनिटं दिली नाहीत.

तेव्हापासून विचार करतोय की माजी विद्यार्थ्याने शाळेत परत जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्याकडे याला मोठा इतिहास आहे, आणि तो टीव्ही देण्याचा नाही. तो थोडक्यात मांडतो.

*१. मुंबई, 1848*

दादाभाई नौरोजी म्हटलं की आपल्याला पांढरी दाढी आणि काँग्रेसचं अध्यक्षपद आठवतं. इथे मात्र तेवीस वर्षांचे दादाभाई डोळ्यांपुढे आणा. वडील ते चार वर्षांचे असतानाच गेलेले. आई माणेकबाई, शिकलेली नाही, घरची परिस्थिती बेताची. फी भरायची वेळ आली असती तर हा मुलगा शिकलाच नसता. पण मुंबईत तेव्हा नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फुकट शिक्षण मिळत होतं, म्हणून शिकला. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेला, हुशार निघाला, आणि शिक्षण संपल्यावर त्याच संस्थेत शिकवायला लागला. काही वर्षांतच तिथे गणिताचा प्राध्यापक झाला. तो मान मिळालेला पहिला हिंदी माणूस तोच.

म्हातारपणी दादाभाईंनी आपल्या तरुणपणाबद्दल लिहिलं. त्यात ते सांगतात की आपलं शिक्षण लोकांच्या पैशावर झालं आहे, तेव्हा आपल्यात जे काही चांगलं असेल ते लोकांना परत करायला हवं, हा विचार मोठं होता होता मनात पक्का झाला. म्हणजे उधारी. कुणी वहीत मांडलेली नाही, पण घेणाऱ्याने स्वतःच मान्य केलेली.

ती फेडायची कशी? 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. सभा भरायची, निबंध वाचले जायचे, त्यावर चर्चा व्हायची. शिकून बाहेर पडलेले आणि अजून शिकणारे एकाच सभेत बसायचे. तिच्याच मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, त्या ज्ञानप्रसारक सभा. मराठी सभेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. सायन्स, इतिहास, आरोग्य असे विषय आपल्या भाषेत सांगायचे, हा त्यांचा उद्योग.

पण नुसतं बोलण्यावर ही पोरं थांबली नाहीत. 1849 मध्ये त्यांनी मुलींना शिकवायचे वर्ग सुरू केले. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून मोकळ्या वेळात, तेही बिनपगारी. दादाभाई आणि त्यांचे मित्र दारोदार फिरायचे आणि 'तुमच्या मुलीला आम्ही लिहायला-वाचायला शिकवतो' असं सांगायचे. कुणी ओसरीवर जागा द्यायचं, तर कुणी चिडलेला बाप पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकी द्यायचा. पुढे कामा घराण्याने पैशाची बाजू उचलली. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेला आपल्या आवारात जागा दिली.

यातला क्रम बघण्यासारखा आहे. पोरांनी आधी वेळ दिला, पैसा नंतर आला. ओसरीवरचे वर्ग चालू झालेले दिसले, म्हणून श्रीमंतांनी हात सैल सोडला.

याच मंडळींतले भाऊ दाजी लाड. गोमंतकातून मुंबईत आलेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले, काही काळ शिक्षक, मग ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर. आज राणीच्या बागेतल्या म्युझियमला त्यांचं नाव आहे. एवढी मोठी प्रॅक्टिस असतानाही त्यांनी या सोसायटीचं आणि मुलींच्या शाळांचं काम सोडलं नाही.

थोड्याच वर्षांनी सरकारनेही असा एक रस्ता काढला. पेशवाईत दक्षिणा वाटली जायची, त्या दक्षिणेच्या फंडातून इंग्रजांनी कॉलेजात फेलो नेमायला सुरुवात केली. नुकत्याच शिकून तयार झालेल्या हुशार मुलाला वेतन द्यायचं आणि त्याने खालच्या वर्गांना शिकवायचं. न्यायमूर्ती रानडे असेच दक्षिणा फेलो होते. म्हणजे वरच्याने खालच्याला हात द्यायचा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

इथवर वाचून छान वाटलं ना? आता पुण्याला जाऊ. तिथला माणूस याच उधारीचा हिशोब जरा वेगळा मांडत होता.

*२. पुणे, 1882*

जोतीराव फुले दादाभाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान. मुंबईत सोसायटी निघाली त्याच 1848 साली जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. लहानपणी लोकांनी कान भरले म्हणून वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. ते पुन्हा शाळेत गेले, कारण शेजारपाजारच्या दोन जाणत्या माणसांनी, गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी, गोविंदरावांना समजावलं की पोरगा हुशार आहे, त्याला शिकवा. जरा थांबून विचार करा. महाराष्ट्राचा अख्खा इतिहास दोन शेजाऱ्यांनी बापाला घातलेल्या एका समजुतीवर टांगलेला होता. 'घरी सांगणारं कुणी नाही' या वाक्याचं वजन त्यावरून कळतं.

1882 मध्ये सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्यापुढे निवेदन दिलं. सरकारचं धोरण अनेक वर्षं असं होतं की वरच्या वर्गातल्या थोड्या लोकांना चांगलं शिकवावं, मग त्यांच्याकडून शिक्षण आपोआप खाली झिरपेल. यालाच झिरपणीचा सिद्धांत म्हणतात. कागदावर 1854 च्या वुडच्या खलित्याने तो मागे टाकला होता, पण खर्च बघितला तर गाडी त्याच रस्त्यावर होती.

जोतीरावांचं म्हणणं सरळ होतं. सरकारी तिजोरी भरते कुणामुळे? शेतात राबणाऱ्या रयतेमुळे. शेतसाऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टीही तोच शेतकरी भरतो, आणि तिचा एक हिस्सा शाळांच्या नावाने घेतला जातो. त्या पैशावर शिकतं कोण? वरच्या जातींची मुलं. मग शिकून मोठ्या झालेल्या या विद्वानांना त्यांनी विचारलं की तुमच्यापैकी कितीजणांनी आपल्या घरी किंवा आणखी कुठे, मागे राहिलेल्या आपल्या देशबांधवांसाठी वर्ग काढले? की मिळालेली विद्या स्वतःपुरतीच ठेवली?

मुंबईच्या ओसऱ्यांवर असे वर्ग निघाले होते, हे खरं. त्या पोरांची तळमळही खरी. पण तेही मुख्यतः शहरातल्या पारशी आणि वरच्या थरातल्या हिंदू घरांपर्यंतच पोचले. ज्या कुणब्याच्या साऱ्यावर तिजोरी चालत होती, त्याच्या वस्तीवर कुणी गेलं नाही. दादाभाईंनी मनातल्या मनात मान्य केलेली उधारी जोतीरावांनी थेट बिल करून पुढे ठेवली, आणि त्यावर धनकोचं नाव घातलं : रयत.

जोतीराव नुसती तक्रार करून थांबले नाहीत. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. आणि आणखी एक मागणी केली, जिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. ती म्हणजे प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करा. जो मास्तर त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतो, त्यांची गरज ओळखतो, तोच त्यांना शिकवू शकेल. आजच्या भाषेत सांगायचं तर, ज्या वाटेने पोराला जायचंय, त्या वाटेने आधी गेलेला माणूस त्याच्यापुढे उभा करा.

ही मागणी सरकारने ऐकली नाही. ती ऐकणारा माणूस यायला अजून वेळ होता.

*३. सातारा, 1919 नंतर*

भाऊराव पाटलांचा जन्म 1887 चा, कुंभोजचा. शिक्षण कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांच्या छायेत. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढली आणि खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता येऊ लागलं. ते भाऊरावांनी जवळून पाहिलं. त्यात सत्यशोधक समाजाचे संस्कार, म्हणजे जोतीरावांचा विचार थेट हातात आलेला.

4 ऑक्टोबर 1919 ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. नावातच 'रयत' आहे. जोतीरावांनी बिलावर जे नाव घातलं होतं, तेच संस्थेच्या पाटीवर आलं. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. बोर्डिंगात धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई दागिने काढून द्यायच्या, आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. ही गोष्ट सातारा जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको.

मला इथे वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवायचंय. पोरांना शिकवलं, पुढे काय? शिकलेला पोरगा मुंबईला जाऊन साहेब झाला आणि गावाला विसरला, तर झिरपणीचा तोच जुना खेळ नव्या जातीत सुरू. भाऊरावांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या बोर्डिंगात मुलं फुकट खात नव्हती. शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात काम करत शिकत होती. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. आपण कुणाच्या दयेवर नाही, पण एकट्याच्या जोरावरही नाही, हे पोराच्या अंगात रोजच्या घामातून उतरायचं.

मग 1935 मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज निघालं. जोतीरावांची 1882 ची मागणी आठवली का? शेतकऱ्यांच्या पोरांतून शिक्षक तयार करा. सरकारने केलं नाही ते त्रेपन्न वर्षांनी रयतने केलं. इथे तयार झालेले तरुण मास्तर डोंगरकपारीत, वाड्यावस्त्यांवर गेले. जिथे शाळा नव्हती तिथे रयतच्या व्हॉलंटरी शाळा उघडल्या, अशा शेकडो. देवळात, चावडीत, कुणाच्या गोठ्याशेजारी. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. आणि या सगळ्याचा कणा होता 'आजीव सेवक', म्हणजे लाइफ मेंबर. त्यातले कितीतरी जण याच बोर्डिंगात भाकरी खाऊन मोठे झालेले, आणि मग संस्थेलाच आयुष्य देऊन बसलेले.

एक उदाहरण देतो. पी. जी. पाटील. गरीब घरचा, शाहू बोर्डिंगात वाढलेला मुलगा. इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला. त्या काळी बॅरिस्टर म्हणजे मुंबई हायकोर्टात गाऊन घालून पैसा ओढायचा परवानाच. हा माणूस परत साताऱ्याला आला, ज्या संस्थेने वाढवलं तिच्याच शिवाजी कॉलेजात मुलांना शिकवायला. तिथे प्राचार्य झाला, पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू. आणि शेवटची गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. महाराष्ट्र सरकारने जोतीरावांचं 'गुलामगिरी' इंग्रजीत आणायचं ठरवलं, तेव्हा भाषांतर केलं ते याच बॅरिस्टर पी. जी. पाटलांनी. ज्या माणसाने विचारलं होतं की शिकलेल्यांपैकी परत कोण आलं, त्याचं पुस्तक जगापुढे नेलं ते परत आलेल्या एकाने.

रयतच्या बोधचिन्हात वडाचं झाड आहे, ते उगाच नाही. वडाच्या पारंब्या खाली येतात, मातीत रुजतात आणि पुढे खोडासारख्या झाडाला आधार देतात. आज संस्थेच्या सातशेहून जास्त शाखा आहेत. नुसत्या देणग्यांवर एवढा पसारा उभा राहत नाही. पारंब्या जमिनीला टेकल्या म्हणून तो उभा राहिला.

*४. आपण, आज*

आता कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता. आज सरकार आहे, शिक्षक आहेत, गुगल आहे, माजी विद्यार्थ्याची गरज काय? आणि सगळ्यांनी आजीव सेवक व्हायचं का?

नाही हो. संसार सोडा असं कुणी म्हणत नाही. पण गरज आहे, आणि ती कुठे आहे तेही सांगतो.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. गरीब घरासाठी हा मोठा आधार आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेत खातं लागतं, आधारवरचं नाव जुळावं लागतं. आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो, तो चुकला तर पोरगी तीस किलोमीटरवरच्या कॉलेजात जाऊन पडते, आणि मग 'रोज एवढ्या लांब कोण पाठवणार' म्हणून घरी बसते. डिप्लोमाचा फॉर्म वेगळा, आयटीआयचा वेगळा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल हे जूनमध्ये धावपळ करून मिळत नाही, आधीच्या दिवाळीतच काढून ठेवावं लागतं. शिकलेल्या घरात हे सगळं बाप-काका-मामा बघतात. ज्या घरात पहिलीच पिढी दहावीला बसते, तिथे कोण बघणार? शिक्षक सांगतात, पण त्यांच्या मागे पोषण आहार, सर्वेक्षण, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं, शंभर कामं.

इथे माजी विद्यार्थी लागतो. त्याच बाकावर बसलेला, त्याच एसटीने गेलेला, तेच इंग्रजी न आल्याने पहिल्या वर्षी रडलेला आणि तरी पुढे गेलेला. मोठा साहेब कशाला पाहिजे? उलट दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली, आता डिप्लोमाला असलेली गावातली ताई जास्त उपयोगी. तिला फॉर्म ताजा आठवतो, आणि लहान मुली तिला न घाबरता विचारतात.

पण आपल्याकडे माजी विद्यार्थी संघाची आठवण कधी होते? कॉलेजात नॅकची समिती यायची असते तेव्हा. तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, म्हणून घाईने संघ नोंदवायचा, मेळाव्याचे फोटो फायलीला लावायचे. आणि शाळेत आठवण होते ती वर्गणीला. दोन्हीकडे माणूस नको, त्याची सही नाहीतर पैसा हवा. आपणही त्याला सोकावलोय, कारण पैसा देणं सोपं आहे. पाच हजार टाकले, मन हलकं झालं, फलकावर नाव आलं. दर महिन्याला दोन तास देणं अवघड, कारण त्याचा फलक लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. यंदाच्या गेट-टुगेदरला फेटा बांधा, नाचा, रडा. पण जेवणाआधीचे दोन तास दहावीच्या वर्गात बसा. भाषण करू नका. प्रत्येकाने दोन-दोन मुलं वाटून घ्या, त्यांच्या घरचा फोन नंबर मुख्याध्यापकांना विचारूनच घ्या, आणि त्यांचा पुढचा प्रवेश होईपर्यंत ती जबाबदारी आपली समजा. वीस जणांची बॅच असेल तर चाळीस मुलं झाली. गावच्या शाळेत दहावीला बहुधा तेवढीच असतात. टीव्ही पुढच्या वर्षी द्या.

मी काय केलं, तेही सांगायला हवं. त्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी शाळेत गेलो, मुख्याध्यापकांना भेटलो, ती मुलगी शोधली. माझ्या पॉलिटेक्निकवाल्या मित्राला फोन लावून तिच्या हातात दिला. वीस मिनिटं बोलली. त्याने तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. फोन परत देताना ती म्हणाली, "सर, माझ्या दोन मैत्रिणींना पण विचारायचंय. त्यांना पुढच्या शनिवारी आणू का?"

पुढच्या शनिवारी सात जणी आल्या.

तुमच्या बॅचने असं काही केलं असेल, किंवा करायचं ठरवलं असेल, तर शाळेचं आणि गावाचं नाव घालून खाली लिहा. जवळपासच्या गावांतल्या दोन बॅच एकमेकींना जोडून देता आल्या, तर ही लांबलचक पोस्ट कारणी लागली असं समजेन.